दामूदादा आणि बांधावरची वाट

डिसेंबरचा दुसरा रविवार, सकाळ. जागा : आमचं अंगण. हजर : नलू ठाकूर, पोस्टमन विजय, मी आणि चहापुरते माझे यजमान. सायकली तीन. गैरहजर : दामूदादा भगत. त्यांना बोलावलं नव्हतं.

कामं ठरवल्याप्रमाणे झाली. आधी कोरड्या फडक्याने दव पुसून काढलं, मग चेनी डिझेलने धुतल्या, ब्रेकचे रबर तपासले, नलूच्या पुढच्या चाकाचे ढिले स्पोक आवळले. मध्येच विजयने मान वर करून विचारलं, "मॅडम, सीटच्या स्प्रिंगला तेल देऊ की ग्रीस?" आणि तिघांचेही हात थांबले. इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. विचारायच्या आतच दामूदादांचं उत्तर येऊन आदळायचं.

"ग्रीस," मी म्हणाले. त्यांनीही हेच सांगितलं असतं, हे तिघांनाही माहीत होतं. त्यामुळे कुणाला बरं वाटलं नाही.

दामूदादा आमचे शेजारी. उरणच्या बाजूला एका वर्कशॉपमध्ये फिटर होते, निवृत्त होऊन गावी आले. उंच, काटकुळे. थंडीत अर्ध्या चड्डीवर बिनबाह्यांचा स्वेटर आणि कानांवरून हनुवटीखाली गाठ मारलेला पंचा, असा त्यांचा पोशाख असे. गुडघ्यांना थंडी वाजत नाही, ती कानातून शिरते, हे त्यांचं शास्त्र. त्यांच्या सायकलला घंटी नव्हती. घंटी म्हणजे भीक मागणं, असं ते म्हणत. समोर कोणी आलं की ते घसा खाकरत. तो आवाज असा होता की बैलसुद्धा बाजूला होत.

आमचं गाव रेवसच्या अलीकडे, खाडीला लागून. गाव आणि पलीकडची वाडी यांच्यामध्ये खारी भातशेती, आणि खाडीचं पाणी तिच्यात शिरू नये म्हणून घातलेला मातीचा बांध. पावसाळ्यात त्या बांधावरून चिखल तुडवत पायी जावं लागतं. भात कापून झालं की माथा टणक होतो आणि थंडीभर तिथून सायकल जाते. वाडीत माझी शाळा आहे, तिथलं कार्यालय मी सांभाळते. नलू वाडीच्या अंगणवाडीत खिचडी शिजवते. विजयचा टपालाचा फेरा तिथूनच सुरू होतो. डांबरी रस्ता आहे, पण तो मोठा वळसा घालून जातो. शनिवार-रविवारी त्यावर मांडव्याला पळणाऱ्या मोटारी असतात आणि बाकीचे दिवस डंपर. बांधावरची वाट सरकारी नाही. ती वहिवाट आहे. प्रत्येकाच्या जागेतून थोडी थोडी जाते, दामूदादांच्या आंब्याखालूनही, आणि प्रत्येक जण तिला जाऊ देतो, एवढाच तिचा आधार.

आणि आमच्याकडच्या थंडीत सायकल टिकवणं हे सोपं काम नाही. घाटावरच्या लोकांना वाटतं, पावसाळा गेला म्हणजे गंजाची भीती गेली. आमच्याकडे खरा गंज पावसाळ्यानंतर चढतो. दिवसभर समुद्रावरून खारा वारा येतो आणि लोखंडावर मिठाचा थर बसवतो. पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटतो, दव पडतं, आणि तो थर ओला होतो. "खार झोपत न्हाय, कारकूनबाय," दामूदादा मला म्हणायचे. "तू झोपतेस. खार न्हाय." मला ते कधी नावाने हाक मारत नसत. शाळेतल्या खुर्चीवरून त्यांनी मला हे नाव दिलं होतं, आणि त्यात थोडा टोमणा होता, थोडी माया होती.

दसऱ्याला ते पावसाळाभर आढ्याला टांगलेली स्वतःची सायकल उतरवत आणि तिला हळदकुंकू लावत. भात कापणी संपली की पहिल्या रविवारी आम्हाला बोलावणं येई. मग होळीपर्यंत दर रविवारी त्यांच्या अंगणात सायकली उलट्या उभ्या. ते स्वतः काही करत नसत. पाटावर बसून हातातल्या पान्याने दाखवत. "तिथं. तिथं न्हाय, तिथं. बाय, ते चाक हाय, तुजा नवरा न्हाय, हलू धर." वर्कशॉपमध्येही ते असेच असणार, असा मला संशय होता. काम झालं की प्रत्येक सायकलच्या सीटखाली बोट फिरवून ते बोटाचा वास घेत. खार वासाने कळतो, असं त्यांचं म्हणणं. मी पुष्कळदा वास घेऊन पाहिला, मला फक्त ग्रीसचा आला.

त्यांना सगळं येत होतं असं मुळीच नाही. पहिल्या थंडीत त्यांनी आमच्या सायकलींना खोबरेल घातलं. घरचे माड, घरचं तेल. "केसाला चालतं, पापडाला चालतं, चेनला का न्हाय चालनार?" चेनलाच नव्हे, मागच्या चाकाच्या फ्रीव्हीलमध्येसुद्धा त्यांनी आम्हाला ते भरपूर ओतायला लावलं. नोव्हेंबर छान गेला. सायकली आवाज न करता पळत होत्या आणि बांधभर खोबऱ्याच्या वडीसारखा वास सुटत होता. मग मार्गशीर्षात एका सकाळी गारठा पडला. बांधाच्या मध्यावर दामूदादांसकट आम्ही चौघं दोन मिनिटं उतरलो, परत बसलो, आणि पॅडल मारतोय तर पाय गरागरा फिरताहेत, सायकल जागची हलत नाही. चौघांचीही तीच गत. बाटलीतलं खोबरेल थंडीत गोठतं हे आमच्याकडच्या लहान पोराला माहीत असतं. फ्रीव्हीलमधलंही गोठेल, हे चार मोठ्या माणसांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. आतले खटके त्या पांढऱ्या लोण्यात रुतून बसले होते.

दामूदादांनी बोटाने चाचपून पाहिलं, थोडा विचार केला आणि म्हणाले, "सायकलींना थंडी वाजली."

"मग आता शाल आणू का?" विजय म्हणाला. त्याचं टपाल खोळंबलं होतं.

"मागची चाकं उन्हाकडं करा."

आणि आम्ही केली. खाडीच्या पलीकडे सूर्य वर येत होता, आणि आम्ही चौघं चार चाकं त्याच्याकडे तोंड करून रांगेत उभे होतो. बांधाखालून चाललेल्या एका बाईने विचारलं, कसली पूजा आहे म्हणून. नलू हसून हसून खाली बसली. पुढच्या रविवारी पाटावरून फर्मान निघालं : खोबरेल फक्त कार्तिकापर्यंत, मार्गशीर्षापासून शिलाई मशीनचं तेल. "हे मी पहिल्यापास्नं सांगतोय, तुमी ऐकता कुठं." आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि तेल बदललं. त्यांच्याशी त्यांच्या चुकीबद्दल बोलण्यात अर्थ नसे. काल त्यांनी काय म्हटलं होतं ते आज उरतच नसे.

त्या वेळी ही गंमत होती. घरी सांगून हसायची गोष्ट.

नलूचं सांगितल्याशिवाय दामूदादा पुरे होणार नाहीत. नलू माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. एका शनिवारी ती डांबरी रस्त्याने येत होती आणि मांडव्याकडे निघालेल्या मोटारीचा आरसा तिला लागला. मोटार थांबली नाही. नलूचं उजवं मनगट मोडलं. ते जुळलं, पण मागून गाडीचा आवाज आला की तिचे हात हँडलवर आखडून जायचे आणि ती आहे तिथेच पाय टेकायची. सायकल तिने घराच्या मागे नेऊन टाकली. दामूदादांनी ती न विचारता उचलून आणली.

"ही खारात घालून मारायची असंल तर मला दे," ते म्हणाले.

"घे ना दादा. मी न्हाय बसनार आता."

"रस्त्यावर बस, असं कोन म्हनतंय? रस्ता त्यांचा. बांध आपला."

मग ती थंडी त्यांनी नलूला बांधावर पुन्हा सायकल शिकवण्यात घालवली. सकाळी ती पुढे, आणि मागे कॅरिअर धरून हे, पंचा उडतोय, धापा टाकताहेत. कडेला वाढलेली मारांडीची काटेरी झुडपं त्यांनी कोयत्याने छाटून काढली, चाकात काटा जायला नको म्हणून. बांधाची माती जिथे ढासळली होती तिथे दगड आणून बसवले. एका सकाळी त्यांनी कॅरिअर सोडून दिलं आणि तसेच मागे पळत राहिले, नलूला कळू नये म्हणून. ती वाडीपर्यंत गेली. उतरून मागे पाहिलं तर दामूदादा बऱ्याच अंतरावर बांधावर बसलेले, छातीवर हात ठेवून. "मेलो न्हाय," त्यांनी तिथूनच ओरडून सांगितलं. "खिचडी शिजव जा."

त्या दिवसापासून नलूची नोकरी त्या वाटेवर उभी होती. वाट आहे तर नलू अंगणवाडीत आहे.

आमच्या बाजूला मुंबईच्या लोकांनी जमिनी घ्यायला सुरुवात केली ती हळूहळू बांधापर्यंत आली. कोणाच्या तरी ओळखीने एक दलाल येऊन सगळ्यांच्या ओट्यांवर चहा पिऊन गेला. तेव्हा दामूदादांनी स्वतः घरोघर जाऊन बांधाकडेच्या सगळ्या जमीनवाल्यांना गावदेवीच्या देवळात गोळा केलं. आम्ही वाटेवरून जाणारेही गेलो. त्या दिवशी ते फार छान बोलले. "जमीन तुमची हाय, ठेवा न्हायतर इका. वाट इकू नका. वाट कोना एकाची नसते." मग त्यांनी उजव्या तळव्यावर नारळ धरला आणि एकेकाला पुढे बोलावलं. ज्याने त्याने नारळावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, माझ्या जागेतली वाट मी बंद करणार नाही.

मी म्हटलं होतं, "दामूदादा, हे कागदावर घेऊ या. सह्या घेऊ, मी टाइप करून आणते."

"कारकूनबाय, देवलात टाइपरायटर नको आनू," ते म्हणाले आणि सगळे हसले. मीही हसले. देवीसमोर नारळावर हात ठेवलेला माणूस आमच्याकडे फिरत नाही. मलाही त्यापेक्षा पक्कं काही हवं होतं असं नाही.

यंदा कापणीनंतरचा रविवार आला आणि बोलावणं आलं नाही. दामूदादांना बरं नसेल असं वाटून आम्ही आपापल्या घरीच सायकली पुसल्या, आणि सोमवारी सकाळी मी, नलू आणि विजय बांधावर चढलो. अर्ध्यावर नवं लोखंडी फाटक होतं. दोन्ही बाजूंना हिरवा पत्रा, पार खाडीच्या चिखलापर्यंत आणि शेतात आतपर्यंत. खुर्चीवर एक राखणदार बसला होता.

"आगे रास्ता नहीं है," तो म्हणाला. "साहब का प्लॉट है."

नलू त्याच्याकडे पाहत नव्हती. ती पत्र्याच्या फटीतून आतल्या आंब्याकडे पाहत होती. "ही दादाची जागा हाय," ती म्हणाली. "हितं फाटक कसं?"

आम्ही तसेच सायकली वळवल्या आणि दामूदादांच्या अंगणात गेलो. ते पोपटीसाठी, म्हणजे मडक्यात भाजायला, वालाच्या शेंगा निवडत बसले होते. आजारी वगैरे काही नव्हते. "बसा," म्हणाले. आम्ही उभेच राहिलो.

"दामूदादा, तुमच्या जागेत फाटक आहे," मी म्हटलं.

"माजी न्हाय ती आता. दिली."

"आणि वाट?"

"वाट ठेवलीय ना." त्यांनी चड्डीच्या नाडीला बांधलेली चावी वर करून दाखवली. त्यांना ती दाखवायची होती, हे मला स्पष्ट दिसलं. "शेटला बोललो, मी सायकलवाला मानूस, मला बांधानं जायला लागंल. चांगला मानूस हाय. लगेच चावी दिली."

"तुम्हाला दिली. आम्ही कसं जायचं?"

"तुमाला रस्ता हाय की. नवीन डांबर टाकलंय."

 नलू सायकल स्टँडवर लावून पुढे आली. "दादा, तू नारल धरला व्हतास."

"धरला व्हता."

"देवीसमोर."

"व्हय. धरला व्हता," दामूदादा म्हणाले, अगदी शांतपणे, नटबोल्ट समजावून सांगावा तसे. "माजा हात नारलाच्या खाली व्हता. शपथ वर हात ठेवनाऱ्याची असते. तुला म्हाईत न्हाय?"

 मी त्या दिवशीचं देऊळ डोळ्यांसमोर आणून पाहिलं. रांगेने माणसं येत होती, एकेकाचा हात नारळावर टेकत होता, आणि खाली दामूदादांचा तळवा. खरंच, शेवटपर्यंत त्यांनी तो नारळ दुसऱ्या कुणाच्या हातात दिला नव्हता. शपथ झाल्यावर त्यांनीच तो फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा नलूला दिला.

"तेव्हाच ठरवलं होतंत?" मी विचारलं.

त्यांनी एक किडकी शेंग बाजूला टाकली. "कारकूनबाय, तुला प्रत्येक गोष्ट कधी ठरली ते लागतं." बस्स, एवढंच. नलू वळली, सायकल घेतली आणि निघाली. दारातून जाताना तिने ती चढून न जाता हाताने नेली.

मी कारणं शोधली. मुलाची गरज असेल, म्हातारपणाची भीती असेल, दलालाने भरीला घातलं असेल. जमीन विकली म्हणून माझा राग नाही. ज्याने त्याने आपलं पाहावं. पण वाटेची आठवण त्यांना शेवटच्या क्षणापर्यंत होती, शेटसमोर बसून त्यांनी तिच्यासाठी शब्द टाकला होता, आणि तो शब्द एका माणसापुरता होता. आणखी एक वाक्य बोलायचं होतं. शेट नाही म्हणाला असता तर निदान मागितलं तरी होतं, असं झालं असतं. त्या जागी मी प्रत्येक कारण ठेवून पाहिलं आणि एकही बसलं नाही.

नलूने रस्त्याने जाऊन पाहिलं. पहिल्याच वळणावर डंपरने हॉर्न दिला आणि ती सायकलसकट गटारात उतरली. लागलं नाही. आता ती मिळेल त्या टेंपोने जाते, आणि टेंपो भरल्याशिवाय सुटत नाही. पोरं भुकेली बसतात. अंगणवाडीच्या बाईंनी सांगितलंय, संक्रांतीपर्यंत बघू, नाहीतर वाडीतलीच कोणी घेऊ. त्या वाईट नाहीत. त्यांनाही खिचडी वेळेवर हवी.

गेल्या आठवड्यात टेंपो आला नाही म्हणून मी नलूबरोबर रस्त्याने चालत निघाले. दोघींच्या सायकली हातात. जिथे रस्ता खाडीजवळ येतो तिथून बांध पुरता दिसतो. पत्र्याच्या पलीकडच्या भागात दामूदादा सायकलवरून चालले होते. अख्ख्या बांधावर एकटेच. पंचा कानांवर बांधलेला, पाठ ताठ. एका जागी ते उतरले, सायकल आडवी ठेवली, खाली जाऊन एक धोंडा उचलून आणला आणि ढासळलेल्या कडेला बसवला. पायाने दाबून पाहिला. मग दुसरा आणला. आता ज्या वाटेवरून त्यांच्याशिवाय कोणी जाणार नाही ती वाट ते नीट करत होते, आणि पूर्वीइतकीच मन लावून.

त्यांनी मान वर केली तेव्हा आम्ही त्यांना दिसलो असणार. नलूचा हात सवयीने वर गेला. खांद्यापर्यंत गेला असेल. मग तिने तो खाली घेतला आणि हँडलवर ठेवला. दामूदादा सायकलवर बसले आणि आंब्याच्या आड गेले.

विजयने तलाठ्याकडे चौकशी केली आहे. अडवलेली वहिवाट मोकळी करून मिळण्यासाठी तहसील कचेरीत अर्ज करता येतो. त्यासाठी वाट जुनी होती हे सांगणारा साक्षीदार लागतो. आम्ही तिघं आहोतच, पण आम्ही फक्त जाणारे-येणारे. "ज्याच्या जागेत फाटक आहे, तो जुना मालक बोलला तर काम होईल," तलाठी म्हणाले. "तो गप्प राहिला तर शेट म्हणेल, इथे कधी वाट नव्हतीच." बांधावरचे बाकीचे जमीनवाले आता कुणाच्या अध्यातमध्यात पडायला तयार नाहीत. दामूदादांनीच पाळलं नाही, तर आम्ही का म्हणून, असं त्यातल्या एकाने मला तोंडावर सांगितलं.

अर्ज टाइप झाला आहे. विजयने कच्चा नकाशा काढून दिला. नलूचं म्हणणं लिहून घेतलं, माझं लिहिलं, सह्या झाल्या. शाळेतून मंगळवारी अर्ध्या दिवसाची रजा घेतली आहे, अलिबागला जायला. दामूदादांना विचारायला जायचं राहिलं आहे. त्यांचं अंगण आणि आमचं, यांच्यामध्ये एक दगडांचा गडगा आहे, तोही कमरेइतकाच.